गांधीजींच्या पोटाची गोष्ट

कळंबहून नेरळकडे निघालं की समोर माथेरानचा डोंगर आडवा येतो. या डोंगरावर हवापालटाला येऊन गेलेल्या बड्या माणसांच्या आठवणी आपल्याकडे बऱ्याच सांगितल्या जातात. एका पाहुण्याची आठवण मात्र सहसा कोणी काढत नाही. १९१८-१९ च्या हिवाळ्यात मोहनदास करमचंद गांधी मोठ्या दुखण्यातून उठण्यासाठी इथे आले आणि आठवडा पुरा व्हायच्या आतच खाली उतरले. कारण होतं शौचाच्या वेळची वेदना. ती इतकी भयंकर होती की जेवणाचा विचार आला तरी त्यांना धडकी भरत असे. खाल्लं तर पुन्हा शौचाला जावं लागणार, ही ती भीती.

हे सारं त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. माझ्या ओपीडीत रोज अशी माणसं येतात की जी डोकेदुखीपासून गुडघ्यापर्यंत सगळं सांगतात आणि उठून दारापर्यंत गेल्यावर, मागे वळून, हळूच म्हणतात की संडासच्या जागेतून थोडं रक्त जातंय. अशा वेळी मला गांधीजींची आठवण होते. इतक्या मोठ्या माणसाने आपल्या मळाबद्दल इतकं उघड लिहिल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

हा मोकळेपणा त्यांना घरातून मिळालेला नव्हता. २ ऑक्टोबर १८६९ ला पोरबंदरला त्यांचा जन्म झाला. वडील करमचंद संस्थानचे दिवाण. मोहनदास सोळा वर्षांचा असताना वडील भगंदराने अंथरुणाला खिळले. भगंदर म्हणजे गुदद्वाराशेजारी गळू होऊन आतून बाहेर पडलेली वाट. ती आपोआप क्वचितच बुजते. मुंबईच्या एका नामांकित सर्जनने शस्त्रक्रिया सुचवली होती, पण घरच्या वैद्यांनी वय झालं म्हणून नको म्हटलं आणि करमचंद जखम तशीच घेऊन परत आले. ताकद संपत चालली तेव्हा विधी अंथरुणातच उरकावा, अशी विनवणी त्यांना करण्यात आली. वैष्णव घरातलं सोवळं आड आलं. शेवटपर्यंत ते उठूनच जात राहिले आणि त्या श्रमाने आणखी खचले. १८८५ मध्ये ते गेले. शस्त्रक्रिया झाली असती तर जखम भरली असती, असं मुलाचं मत पुढे झालं.

मुलगा विलायतेत बॅरिस्टर झाला, १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेला गेला. १८९६ मध्ये तो काही महिने राजकोटला आला तेव्हा मुंबईत प्लेग फुटला होता. राजकोटात खबरदारीसाठी समिती नेमली गेली आणि गांधींनी त्यात एक काम मागून घेतलं, घरोघरचे संडास तपासण्याचं. गरिबांनी दारं उघडली आणि सांगितलेल्या सुधारणाही केल्या. श्रीमंतांपैकी काहींनी आत पाऊल टाकू दिलं नाही, आणि जिथे टाकता आलं तिथले संडास जास्त घाण, अंधारे, किड्यांनी बुजबुजलेले निघाले. पुढे १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसमध्येही तीच कथा. प्रतिनिधींच्या संडासांची अवस्था बघवेना. स्वयंसेवक म्हणाले, हे भंग्याचं काम. गांधींनी झाडू मागवला आणि स्वतःपुरता एक संडास साफ केला. दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवर १९१० पासून मैला मातीत पुरण्याची शिस्त होती आणि हे काम सगळे करत. जंतांची अंडी, आवेचे जीव, पटकीचे जंतू पसरतात ते मळातून हाताला, पाण्याला आणि माशीला. ही साखळी तोडण्याचा तो साधा आणि बरोबर उपाय होता.

दुसऱ्यांच्या मळाबद्दल इतका स्पष्ट विचार करणाऱ्या या माणसाचं स्वतःचं पोट मात्र कायम कुरकुरत असे. जोहान्सबर्गमध्ये वकिली जोरात चालू असताना त्यांना बद्धकोष्ठता होती आणि वरचेवर डोकं दुखे. अधूनमधून रेचक घेऊन ते दिवस ढकलत. मँचेस्टरला न्याहारी सोडणाऱ्यांची एक संस्था निघाल्याचं वाचून त्यांनी न्याहारी बंद केली. डोकेदुखी गेली, बद्धकोष्ठता तशीच राहिली. मग क्युनेचं कटिस्नान झालं, त्याने थोडं बरं वाटलं. मग ॲडॉल्फ जुस्ट नावाच्या जर्मन माणसाचं पुस्तक हाती आलं आणि पोटावर ओल्या मातीची पट्टी बांधून झोपण्याचा प्रयोग सुरू झाला. तो त्यांना इतका लागू पडला की जन्मभर त्यांनी मातीची शिफारस केली. मातीने आतडं हलतं असं मी म्हणणार नाही. पण त्याच काळात त्यांनी चहा-कॉफीचा, मसाल्यांचा नाद कमी केला होता, फळं वाढवली होती आणि ते मैलोन्‌मैल चालत होते. पोट साफ होण्याचं श्रेय मी त्या फळांना आणि त्या चालण्याला देईन.

१९१२ मध्ये त्यांनी दूध सोडलं. कलकत्त्याकडे गाई-म्हशींचं शेवटचं थेंब काढण्यासाठी फुंकण्याचा जो क्रूर प्रकार चाले, त्याबद्दल वाचल्यामुळे. १९१५ मध्ये हिंदुस्थानात परतल्यावर हरिद्वारच्या कुंभमेळ्यात आणखी एक व्रत घेतलं. दिवसाला पाचच पदार्थ, आणि अंधार पडल्यावर काही नाही. १९१८ च्या उन्हाळ्यानंतर खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना त्यांचं जेवण मुख्यतः दाण्याचं लोणी आणि लिंबू एवढंच उरलं होतं. दिवसभर पायपीट, आणि ताटात हे. आजच्या भाषेत प्रथिनं बेताची, तेल भरपूर, पालेभाजी-धान्य जवळजवळ नाही.

आधी थोडी आव झाली. त्यांनी एक जेवण टाळलं आणि बरं वाटू लागलं. तेवढ्यात सण आला. काही खाणार नाही असं कस्तुरबांना सांगून झालं होतं, पण त्यांनी दूध-तूप टाळून तेलात केलेली गव्हाची गोड लापशी आणि वाडगाभर मूग पुढे ठेवले. गांधीजींनी पोटभर खाल्लं. तासाभरात मुरडा सुरू झाला. त्याच संध्याकाळी नडियादला जायचं होतं. साबरमती स्टेशन आश्रमापासून दोन किलोमीटरच, पण तेवढं अंतर कसंबसं चालले. अहमदाबादला वल्लभभाई गाडीत चढले, त्यांना वेदना किती आहे हे कळू दिलं नाही. नडियादच्या मुक्कामी संडास लांब होता. शेजारच्या खोलीत कमोड ठेवा, असं सांगावं लागलं, आणि ते सांगताना लाज वाटली, हेही त्यांनी लिहिलं आहे. वडील जी लाज शेवटपर्यंत सोडू शकले नाहीत ती मुलाने त्या रात्री सोडली. सोडली नसती तर काय झालं असतं याचा अंदाज कोणीही डॉक्टर करू शकेल, कारण चोवीस तासांत तीस ते चाळीस जुलाब झाले.

पुढचं मात्र डॉक्टर म्हणून वाचवत नाही. त्यांनी औषध नाकारलं. चुकीची शिक्षा भोगायची म्हणून उपास धरला आणि सुरुवातीला फळांचा रससुद्धा घेतला नाही. जुलाबात माणूस मरतो तो जंतूंपेक्षा अधिक पाणी आणि क्षार निघून गेल्याने. तेव्हा हे नीट उमगलेलं नव्हतं. मीठ आणि साखर एकत्र दिली की आतड्याच्या पेशी पाणी आत ओढून घेतात, या ज्ञानाचा मोठा वापर व्हायला १९७१ उजाडावं लागलं. बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी पिंपांतून वाटलं आणि पटकीचे मृत्यू झपाट्याने खाली आणले. आज ओआरएसचं एक पाकीट लिटरभर पाण्यात घालून द्यायचं असतं. पाकीट नसेल तर भाताची पेज मीठ घालून, ताक, लिंबूपाणी. लहान मुलाला जोडीला चौदा दिवस झिंक. पोटाला आराम म्हणून मुलाला उपाशी आणि कोरडं ठेवण्याची चाल आमच्या भागात पावसाळ्याच्या तोंडाशी अजून दिसते, आणि खोल गेलेले डोळे, सुकलेली जीभ घेऊन मूल आमच्यापर्यंत येतं.

डॉ. कानुगा अहमदाबादहून आले. त्यांनी इंजेक्शन देऊ केलं, गांधीजींनी तेही नाकारलं. इंजेक्शन म्हणजे प्राण्यापासून काढलेली लस असणार, अशी त्यांची समजूत होती. ते वनस्पतीजन्य होतं, हे नंतर कळलं, आणि स्वतःच्या त्या अज्ञानाला त्यांनीच हास्यास्पद म्हटलं आहे. औषधाचं नाव त्यांनी दिलेलं नाही. पण आवेवर त्या काळी टोचलं जाणारं वनस्पतीजन्य औषध म्हणजे इपिकाकच्या मुळातलं एमेटिन. १९१२ मध्ये कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्सने त्याची इंजेक्शनं सुरू केली होती. तेच असावं असा माझा तर्क आहे. तसं असेल तर योग्य औषध उशापर्यंत येऊन परत गेलं.

ताप चढला, बडबड सुरू झाली. मृत्यू जवळ आला असं त्यांना वाटलं. या दिवसांत डॉ. तळवलकरांनी एक मराठी गृहस्थ आणले, केळकर. ग्रँट मेडिकलचा अभ्यास जवळजवळ पुरा करून पदवी न घेतलेले, ब्राह्मो समाजाचे, आणि बर्फाच्या उपचारांवर गाढ श्रद्धा असलेले. त्यांनी अंगभर बर्फ लावला. थोडी भूक लागू लागली, पाच-दहा मिनिटं चालणं जमू लागलं. केळकरांनी निर्जीव अंडी घ्या असाही आग्रह धरला, तो मानला गेला नाही. बर्फाने आव जात नाही, पण केळकरांनी रुग्णाच्या मनात जगण्याची आशा जागी केली.

थोडी ताकद आल्यावर मित्रांनी माथेरान सुचवलं. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी १९०७ पासून चालू होती, हवा उत्तम. गांधीजींनी दोष दिला तो माथेरानच्या पाण्याला. पाणी जड आहे, हे आपल्याकडचं नेहमीचं निदान. पण जड पाण्याने शौचाची जागा चिरत नाही. ती आधीच चिरलेली होती. आठवडेच्या आठवडे चाललेल्या जुलाबांनी गुदद्वाराची नाजूक त्वचा सोलवटते आणि भेगा पडतात. ज्याला आम्ही फिशर म्हणतो ते हेच. एकदा भेग पडली की दुष्टचक्र सुरू होतं. दुखतं म्हणून माणूस शौच रोखतो. रोखलेला मळ आत सुकून कठीण होतो. कठीण मळ भेग पुन्हा उघडतो. शिवाय वेदनेने तिथला स्नायू आवळून राहतो, त्यामुळे रक्तपुरवठा कमी पडून भेग भरत नाही. गांधीजी तर दुखू नये म्हणून जेवणच टाळत होते, म्हणजे मळ आणखी कमी आणि आणखी कोरडा. आज अशा रुग्णाला मी भरपूर पाणी, इसबगोल, कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसणं आणि स्नायू सैल करणारं मलम देईन. ताज्या भेगा बहुतेक तेवढ्यावर भरतात. जुनाट झाल्या तर छोटी शस्त्रक्रिया लागते.

आपल्याकडे या सगळ्याला एकच नाव आहे, मूळव्याध. भेग असो, कोंब असो, भगंदर असो, मूळव्याध. आणि मूळव्याध म्हटलं की बसथांब्याजवळच्या भिंतीवर रंगवलेला फोन नंबर. ही सवय महागात पडते, कारण मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोगही रक्तानेच सुरुवात करतो. ढोबळ फरक सांगतो. भेगेत कापल्यासारखी वेदना असते आणि रक्ताची लाल रेघ मळावरून ओढलेली दिसते. मूळव्याधीत दुखत नाही, शौचानंतर रक्त थेंबथेंब किंवा पिचकारीसारखं पडतं. रक्त मळात मिसळून येतं, शौचाला जाऊन आल्यावरही काही उरल्यासारखं वाटतं, वर्षानुवर्षांची वेळ आणि घडण तीन-चार आठवडे बदललेली राहते, वजन उतरतं, तेव्हा भिंतीवरचा नंबर नको. पंचेचाळिशी उलटली असेल तर मुळीच नको. बोटाने तपासायला डॉक्टरला एक मिनिट लागतं, आणि गुदाशयातल्या बऱ्याच गाठी त्या एका मिनिटात हाताला लागतात. ही तपासणी नको म्हणून उठून गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि वर्षभराने मुंबईला टाटा रुग्णालयाच्या रांगेत उभे राहिलेलेही.

माथेरानहून गांधीजी मुंबईला आले. शंकरलाल बँकर यांनी त्यांच्या प्रकृतीची सूत्रं हातात घेतली आणि डॉ. दलालांना बोलावलं. दलालांचा झटपट निर्णय घेण्याचा गुण गांधीजींना भावला. दुधाशिवाय शरीर उभं राहणार नाही, जोडीला लोह आणि सोमल यांची इंजेक्शनं घ्यावीत, असं त्यांनी सांगितलं. सोमल म्हणजे आर्सेनिक, त्या काळी ते शक्तिवर्धक म्हणून देत. इंजेक्शनं गांधीजींनी मान्य केली, दूध नाही. तेव्हा पलंगाशी उभ्या कस्तुरबांनी सुचवलं की व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं आहे, शेळीच्या दुधाला हरकत नसावी. डॉक्टरांना तेवढं पुरे होतं. गांधीजींनी मानलं, आणि व्रताचा शब्द पाळून आत्मा मारला याची टोचणी त्यांना पुढे कायम राहिली. शेळीच्या दुधात जादू नव्हती. साखर त्यात गाईच्या दुधाइतकीच असते. महिनोन्‌महिने उपाशी शरीराला प्रथिनं मिळाली, इतकंच. मग १९१९ च्या सुरुवातीला दलालांनी भेगांची शस्त्रक्रिया केली आणि ती यशस्वी झाली. गांधीजी तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होते. अंथरुणात असतानाच त्यांनी रौलट समितीचा अहवाल वाचला. फेब्रुवारीत सत्याग्रहाची प्रतिज्ञा निघाली, ६ एप्रिलला देशभर हरताळ झाला.

लोहाचा विषय निघालाच आहे तर एक सांगून ठेवतो. लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा होतो. गरोदर बाया त्याला घाबरून गोळ्या बंद करतात, ते करू नये. पण गोळ्या चालू नसताना मळ डांबरासारखा काळा, चिकट, उग्र वासाचा आला तर ते जठरातलं किंवा लहान आतड्याच्या तोंडाचं रक्त असतं. अंगदुखीच्या गोळ्या वर्षभर खाणाऱ्यांत हे दिसतं. त्यासाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. मळ पांढुरका आणि लघवी गर्द झाली तर पित्ताची वाट अडली असण्याची शंका घ्यावी.

१९२४ मध्ये पोटाने पुन्हा गाठलं. गांधीजी येरवड्यात सहा वर्षांची शिक्षा भोगत होते. पोटदुखी आणि ताप. निदान अपेंडिक्सचं. १२ जानेवारीच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. या वेळी रुग्णाने नाही म्हटलं नाही. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना सोडलं.

प्रयोग मात्र थांबले नाहीत. १९२९ मध्ये त्यांनी न शिजवलेल्या अन्नावर राहून पाहिलं. अशक्तपणा आला, पोट बिघडलं, तेव्हा ते सोडलं आणि सोडल्याचं यंग इंडियातून जाहीर केलं. फसलेला प्रयोग छापणं हे शास्त्रज्ञालाही जमतंच असं नाही. १९३६ पासून ते वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहू लागले. तिथे हिवताप आणि पोटाचे आजार पाचवीला पुजलेले. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावरची छोटी पुस्तिका लिहिली, तीत माती-पाण्याचे उपचार पुन्हा आहेतच.

याच कैदेत फेब्रुवारी १९४४ मध्ये कस्तुरबा गेल्या. गांधीजींना हिवताप झाला आणि ६ मे रोजी त्यांची सुटका झाली. जुहूला विश्रांती घेत असताना तपासण्या झाल्या. पोटात आकडेकृमी आणि आवेचे अमीबा, दोन्ही निघाले. अंगात रक्त कमी होतं. आकडेकृमीच्या अळ्या मैल्याने दूषित झालेल्या ओल्या मातीतून अनवाणी पायांच्या त्वचेवाटे शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. आमच्याकडे भातलावणीनंतर फिकट पडलेल्या बायकांना मी मळाची तपासणी सांगतो ती यासाठी. स्वच्छ कोरड्या डबीत चमचाभर मळ, लघवी न मिसळता, शक्यतो तासाभरात पोहोचवायचा. एवढंच काम आहे, तरी निम्म्या डब्या परत येत नाहीत.

मार्च १९४६ मध्ये गांधीजी पुण्याजवळच्या उरुळी कांचनला गेले आणि निसर्गोपचाराचं केंद्र सुरू करून काही दिवस स्वतः रुग्ण पाहिले. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी, दिल्लीत प्रार्थनेला निघण्यापूर्वी, सरदार पटेलांशी बोलता बोलता त्यांनी शेवटचं जेवण घेतलं. त्यात शेळीचं दूध होतं, शिजवलेल्या आणि कच्च्या भाज्या होत्या, संत्री होती, आणि आलं-लिंबू-तुपाच्या काढ्यात कोरफडीचा रस होता. कोरफड हे आपल्याकडचं जुनं रेचक आहे.